पायाचे पैसे आणि पलंगाचा हप्ता

टेम्पो आमच्या चाळीच्या तोंडाशी येऊन थांबला तेव्हा शकूवहिनी नळाला हंडा लावून उभ्या होत्या. दोन हमाल खाली उतरले आणि विचारायला लागले, "जगनकाकांची खोली कुठली?"

"का? काय आणलंय?" वहिनींनी विचारलं.

"बेड आहे."

"आमच्याकडे आहे बेड."

"हा मसाजचा आहे काकू. ह्याच्यात आतून दगड फिरतात."

वहिनींना वाटलं, हमाल चेष्टा करतोय. पण तेवढ्यात जगनभाऊ काठी टेकत टेकत गल्लीतून आले. अंगावर इस्त्रीचा शर्ट, गळ्यात झेंडूचा हार. वहिनींनी आधी हाराकडे बघितलं, मग टेम्पोकडे, मग परत हाराकडे. हंडा भरून वाहायला लागला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

मी निशा. कोपरला, म्हणजे डोंबिवली पश्चिमेला, शकूवहिनींच्या शेजारच्या खोलीत राहते. ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. आमच्या दोन खोल्यांमध्ये एकच भिंत आहे आणि तीही बिल्डरने हातचं राखून बांधलेली. त्यामुळे त्यांच्याकडे बोललेलं मला ऐकू येतं, त्यासाठी कान लावावा लागत नाही. तेव्हा जे झालं ते बऱ्यापैकी माझ्यासमोरच झालं, आणि उरलेलं भिंतीपलीकडून कळलं.

जगनभाऊ ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोत गाड्या धुवायचे. कंत्राटी माणूस, पण कामात असा की त्यांनी धुतलेली गाडी दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला ओळखू यायची नाही. एका पहाटे साबणाच्या पाण्यावर घसरले आणि खुबा मोडला. आत लोखंडी सळई बसली, हातात काठी आली आणि काम गेलं. ठेकेदाराने तडजोडीचे म्हणून पंचवीस हजार हातावर ठेवले. पुढे अपंगत्वाचा दाखला झाला आणि सरकारी योजनेचे महिन्याला पैसे सुरू झाले. त्या पैशांना वहिनी 'पायाचे' म्हणायच्या. भाऊंच्या पीएफमधून हजारभर रुपये पेन्शन बसली, ते 'डेपोचे'. आणि नंतर वहिनींना स्वतःला लाडक्या बहिणीचे मिळायला लागले, ते 'लाडकीचे'. तिन्ही मिळून चार हजार व्हायचे. चार हजारांत लाईट, गॅस, भाऊंच्या गोळ्या, तेल-मीठ आणि कल्याणला दिलेली मुलगी स्वप्ना घरी आली तर तिला साडी नाही तरी निदान ब्लाऊजपीस. रेशनवर गहू-तांदूळ फुकट मिळायचा म्हणून चालायचं. भिंतीपलीकडून मला नेहमी ऐकू यायचं, "पायाचे आले का हो?" "आले." "आणि लाडकीचे?" "ते अडकलेत." कोणी नवखा ऐकेल तर त्याला वाटेल, घरात पाय अडकलाय.

वहिनींचा हिशोब सगळा तोंडी. आणि पक्का. पायाच्या पैशांतून फक्त गोळ्या आणि लाईट. डेपोच्या पैशांतून गॅस. लाडकीचे पैसे त्यांचे स्वतःचे, म्हणजे त्यातून बाकी सगळं घर. त्या तीन पैशांची एकमेकांत सरमिसळ केलेली त्यांना चालायची नाही. एकदा भाऊंनी गोळ्यांच्या पैशांतून तंबाखूची पुडी आणली, तर दोन दिवस त्यांना ऐकून घ्यावं लागलं की तुमचा पाय तंबाखू खातो का.

तर असे हे जगनभाऊ काम गेल्यावर घरात बसून कंटाळले. स्टेशनपासून थोड्या अंतरावर एका हॉलमध्ये मसाजच्या पलंगाचं केंद्र निघालं होतं. रोज सकाळी या, अर्धा तास झोपा, एक पैसा देऊ नका. म्हाताऱ्यांची ही रांग लागायची. भाऊ तिथे जायला लागले. एका पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत रोज गेले. वहिनी खूश होत्या, कारण तेवढा वेळ घर मोकळं मिळायचं. फुकट झोपायला देणारा माणूस एक दिवस उठवणारही, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

केंद्रवाल्यांनी भाऊंना उठवलं नाही, उभं केलं. सगळ्यांसमोर स्टेजवर. टाळ्या वाजवल्या, हार घातला आणि सत्तर हजारांच्या पलंगावर सही घेतली. ठेकेदाराने दिलेले पंचवीस हजार तिथे गेले. उरलेल्या पंचेचाळीस हजारांचं कर्ज एका फायनान्स कंपनीकडून तिथल्या तिथे, चहा संपायच्या आत झालं.

आता टेम्पोतून हमालांनी पलंग उतरवला. खोली दहा बाय बारा. आधीचा लोखंडी पलंग बाहेर काढल्याशिवाय नवा आत जाईना, आणि नवा आत गेल्यावर दार पूर्ण उघडेना. शेवटी फ्रिज सरकवून मोरीच्या कडेला नेला. तेव्हापासून फ्रिज उघडायचा तर आंघोळ करणाऱ्याला आधी हाक मारावी लागायची.

हमाल गेले. मी चहा घेऊन गेले तर वहिनी त्या पलंगाच्या काठावर बसलेल्या.

"केवढ्याला घेतला?" त्यांनी भाऊंना विचारलं.

"हप्त्यावर."

"हप्त्यावर हे काय किंमत आहे का? केवढ्याला?"

"अठ्ठावीसशे."

"अठ्ठावीसशेला एवढा मोठा?"

"महिन्याला," भाऊ म्हणाले. "दीड वर्ष."

मी चहाचा कप तसाच घेऊन परत आले. त्या रात्री भिंतीपलीकडून एकच आवाज येत होता, पलंगाच्या आतले दगड फिरल्याचा. घुर्र, घुर्र. आणि मग वहिनींचा: "बंद करा ते. मीटर फिरतंय."

दुसऱ्या दिवशी त्या हारासकट भाऊंना घेऊन केंद्रावर गेल्या, पलंग परत करायला. हॉलला कुलूप होतं. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, "ते काल रात्रीच गेले. आता बदलापूरला की कुठे लावणार म्हणत होते." वहिनींनी तो हार कुलपालाच अडकवला आणि परत आल्या.

मग त्यांनी कंबर कसली. चार हजारांतून अठ्ठावीसशे गेले की उरतात बाराशे. त्यांनी पहिलं दूध तोडलं. मग केबल. मग मंगळवारची अंडी. भाऊंचं दाढी करायला सलूनमध्ये जाणं बंद करून त्यांच्या हातात ब्लेड दिलं. एवढं करून सगळं जमेल असं त्यांना वाटत होतं, पण महिन्यामागून महिने गेले तरी काही जमेना, उलट कर्ज वाढतंय असं दिसायला लागलं. हप्ता भरला तरी कुठूनतरी पाच-सहाशे कमी व्हायचे. भाऊंच्या फोनवर बँकेचे इंग्रजी मेसेज यायचे, ते मी वाचून दाखवायचे. त्यात दर वेळी 'रिटर्न' असा शब्द असायचा. वहिनींना आधी वाटलं, पैसे रिटर्न येतायत. त्या दिवशी त्या जरा आनंदात होत्या.

तो आनंद साईनाथने घालवला. साईनाथ हा फायनान्स कंपनीचा वसुलीचा माणूस. मोटारसायकलवरून आला, हेल्मेट काढलं, आणि दारात उभं राहून आवाज मोठा केला. शेजाऱ्यांना ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठा करतात ते. पण आमच्या चाळीत हळू बोललेलंही ऐकू जातं, त्यामुळे त्याचे कष्ट वाया गेले.

"काकू, हप्ता बाउन्स झालाय. तिसऱ्यांदा."

"भरला की आम्ही."

"नंतर भरलात. पण पाच तारखेला खात्यात पैसे नव्हते ना. त्याचा बँकेचा दंड वेगळा, आमचा वेगळा."

"पाच तारखेला कसे असतील? पायाचे पैसे कधी दहाला येतात, कधी वीसला. लाडकीचे तर सणासुदीला आल्यासारखे येतात."

"कसले?" साईनाथने विचारलं.

वहिनींनी त्याला आत बोलावलं. दार पूर्ण उघडत नव्हतं म्हणून तो तिरका होऊन आत आला. आत पलंग बघितल्यावर त्याचा आवाज आपोआप खाली आला. "अरे बापरे, हा घेतलात होय? ह्या पलंगाच्या माझ्याकडे अकरा केसेस आहेत. एका काकांनी तर त्याच्यावर पापड वाळवायला घातलेत."

वहिनींनी त्याला कोरा चहा दिला. तो बिचारा इकडे तिकडे बघत प्यायला. मग म्हणाला, "काकू, मी सांगितलं म्हणून सांगू नका. पण नौपाड्याला आमच्या ऑफिसमध्ये जा आणि हप्त्याची तारीख बदलून घ्या. तुमचे पैसे येतात त्याच्या नंतरची. होते बदलून."

"मग हे तुम्ही दोन महिन्यांपूर्वी का नाही सांगितलं?"

"दोन महिन्यांपूर्वी ही केस माझ्याकडे नव्हती. तेव्हा जो होता तो सोडून गेला."

"तो कुठे गेला?"

"पलंगाच्या कंपनीत," साईनाथ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ठाण्याला गेलो. मी इंग्रजी वाचायला आणि वहिनी भांडायला, अशी वाटणी होती. स्टेशनवरून चालतच नौपाड्याला पोचलो, कारण रिक्षाच्या पैशांत त्यांच्या हिशोबाने अर्धा किलो कांदे येतात. ऑफिस एसीचं. वहिनी घरून तयारी करून आलेल्या, पदर खोचून, तोंडात पहिलं वाक्य तयार ठेवून. पण काउंटरवरची हेमांगी नावाची मुलगी इतकी गोड बोलायला लागली की त्यांना भांडण सुरूच करता येईना.

"बसा ना मावशी. पाणी देऊ?"

"पाणी नको. तारीख बदलून द्या."

"देते ना. कुठली हवी?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. इतक्या लवकर जिंकायची त्यांना सवय नव्हती. "पंचवीस," त्या म्हणाल्या. "होते का?"

"होते. एक अर्ज द्यावा लागेल."

"मग आधीच का नाही दिली?"

"तुम्ही मागितली नव्हती ना मावशी."

मी तेवढ्यात कर्जाचा कागद चाळत होते, त्यात एक रक्कम मला कळत नव्हती. मी बोट ठेवून विचारलं. हेमांगीने बघितलं आणि ती जरा ओशाळली.

"हा कार्ड प्रोटेक्शनचा प्लॅन आहे. सही करताना घेतलाय काकांनी."

"म्हणजे काय?" वहिनी.

"म्हणजे काकांचं क्रेडिट कार्ड हरवलं तर तुम्हाला भरपाई मिळणार."

"त्यांच्याकडे कार्ड कुठाय?"

"नाहीये?"

"नाही."

"हरवलं का?"

"अगं बाई, नव्हतंच! त्यांच्याकडे रेशनकार्ड आहे, ते माझ्याकडे आहे!"

मागे रांगेत बसलेले लोक हसायला लागले. हेमांगीही हसली, मग आतल्या साहेबांकडे गेली, बराच वेळ आली नाही, आणि आली ती सांगत की पुढच्या वर्षाचा प्लॅन रद्द होईल आणि भरलेल्यातले थोडे पैसे कर्जात वळते होतील. बाहेर आल्यावर वहिनी म्हणाल्या, "निशा, भांडायला आलेले आणि भांडणच झालं नाही. कसंतरी होतंय." मग त्यांनी कोपऱ्यावरच्या कांदेवाल्याशी दोन रुपयांवरून चांगली पंधरा मिनिटं घातली आणि त्यांना बरं वाटलं.

तारीख बदलली आणि दंड थांबला. पण बाराशे ते बाराशेच. त्यात महिना ढकलायचा. त्याच सुमाराला भीमाबाईचं झालं.

भीमाबाई कोपर गावातली आगरीण. डोक्यावर पाटी घेऊन मासे विकायची. वहिनींनी महिनोन् महिने मासे घेतले नव्हते तरी ती दारात पाटी उतरवून दोन घटका बसायची, गप्पांसाठी. एक दिवस पाटी उतरवली आणि तिला उठता येईना.

"बाय गो, पाठ मोरली माजी."

वहिनी म्हणाल्या, "ये, आत पड जरा ह्याच्यावर. नाहीतरी हप्ते भरतोच आहोत."

भीमाबाई पलंगावर पडली. वहिनींनी बटण दाबलं. पहिल्यांदा दगड पाठीखालून सरकले तेव्हा ती "आयो!" म्हणून ओरडली, आणि मग अर्धा तास तिचा आवाजच नाही. आम्ही घाबरून बघायला गेलो तर घोरत होती. उठली ती एकदम ताजीतवानी होऊन. पैसे काढायला लागली तर वहिनींनी हात धरला. "नको नको. पैसे घेतले म्हणजे ते उत्पन्न झालं. उत्पन्नाच्या दाखल्यावर मी काय लिहून दिलंय ते मला माहितीये. मला सरकारच्या नजरेत यायचं नाही."

"मंग बोंबील तरी घे," भीमाबाई म्हणाली.

बोंबील उत्पन्नात येतात का, ह्याचा वहिनींनी थोडा विचार केला. आणि घेतले.

ही बातमी गावात पसरायला एक सकाळ पुरली. दुसऱ्या दिवशी भीमाबाईची जाऊ आली, कोळंबी घेऊन. मग बाजारात भाजी विकणाऱ्या दोघी, गवार आणि दुधी घेऊन. मग पिठाच्या गिरणीवाल्याची आई, तिने दळण फुकट करून दिलं. किराणावाल्याची बायको चहापत्ती आणायची. मीसुद्धा गेले, पलंगाला दोन गवसण्या शिवून दिल्या, कारण भीमाबाईच्या नंतर झोपणाऱ्याला बोंबलाचा वास यायचा. महिन्याभरात वहिनींचा घरखर्च जवळजवळ शून्यावर आला. फक्त काय येईल ते आपल्या हातात नसायचं. एका आठवड्यात सहा दुधी आले. भाऊंना सकाळी दुधीची भाजी, दुपारी दुधीचं थालीपीठ, रात्री दुधी घातलेली डाळ. ते म्हणाले, "शके, हा पलंग कशाला आणला असं मला झालंय." वहिनी म्हणाल्या, "मलाही. खा."

लाईटचं बिल मात्र दचकवणारं आलं. वहिनींनी दोन दिवस मीटरवर नजर ठेवली आणि त्यांना कळलं की पलंगाचे दगड थंड असताना तापायलाच सगळी वीज जाते. एकदा तापले की मग कमी लागते. त्यांनी लगेच नियम केला. सगळ्यांनी एकापाठोपाठ यायचं, मध्ये फट सोडायची नाही. एक उठली की तिच्याच गरम जागेवर दुसरीने पडायचं. दुपारी उशिरा एकटी कोणी आली तर तिला सांगायच्या, "आता नाही, दगड थंड झालेत. उद्या भीमाबाईच्या नंतर ये." आमच्या चाळीत बायका एकमेकींना विचारायला लागल्या, "आज तू कोणाच्या गरमावर आहेस?" गल्लीतून जाणारे पुरुष ते ऐकून चालण्याचा वेग वाढवायचे.

ह्या सगळ्यात जगनभाऊंचं काय झालं? त्यांना पलंग मिळेनासा झाला. सकाळी बायका, दुपारी विजेची बचत, रात्री दगडांचा आवाज नको. खोलीत बायका पडलेल्या असताना पुरुष माणसाने बसायचं कुठे, म्हणून ते काठी घेऊन बाहेर पायरीवर. दीड वर्षाचं कर्ज काढून त्यांनी स्वतःसाठी एक पायरी घेतली होती. पहिले काही दिवस ते हसण्यावारी न्यायचे. मग बोलणं कमी झालं. मी दळण आणायला जाताना विचारायचे, "भाऊ, काय म्हणताय?" ते म्हणायचे, "काय म्हणणार. बसलोय."

आणि मग आली केवायसी. लाडकीचे पैसे चालू ठेवायचे तर फोनवर आधारची पडताळणी करायची, आणि त्यात नवऱ्याच्याही आधारचा ओटीपी लागणार, असं सगळीकडे झालेलं. बायका नवऱ्यांच्या मागे फोन घेऊन फिरत होत्या. मी वहिनींसाठी माझ्या फोनवर फॉर्म उघडला. त्यांचं झालं. मग भाऊंचा आधार नंबर टाकला आणि ओटीपी त्यांच्या फोनवर गेला. फोन त्यांच्या खिशात, ते पायरीवर.

"अहो, नंबर सांगा काय आलाय तो," वहिनी आतून म्हणाल्या.

भाऊंनी काठी मांडीवर आडवी घेतली.

"अहो, ओटीपी!"

भाऊंनी फोन काढला, बघितला आणि परत खिशात ठेवला. "आधी माझं ऐका."

"आधी नंबर सांगा, त्याला वेळ असतो!"

"माहितीये मला. म्हणूनच आत्ता बोलतोय. रोज दुपारी दोन तास मला पलंग पाहिजे."

मी फोन धरून दोघांच्या मध्ये दारात उभी. स्क्रीनवर आकडे उलटे धावत होते. वहिनींना हसावं की ओरडावं कळेना. "दुपारी दगड थंड असतात! नुसतं तापवायला किती युनिट जातात माहितीये?"

"मग गेले युनिट."

"निशा, किती राहिलं?"

"संपलं," मी म्हणाले. ओटीपी गेला.

आम्ही दुसरा मागवला. भाऊंच्या खिशात फोन टुंग करून वाजला. ते हलले नाहीत. तोपर्यंत समोरच्या खोलीतल्या दोघी-तिघी बाहेर आलेल्या. एक म्हणाली, "द्या हो भाऊ, बाईचे पंधराशे जातील." भाऊ म्हणाले, "माझे सत्तर हजार गेलेत." दुसराही ओटीपी गेला.

मग वहिनी आतून बाहेर आल्या आणि पायरीवर त्यांच्या शेजारी बसल्या. मी जरा बाजूला झाले, पण फार नाही.

"पलंगासाठी रुसलात?" त्यांनी हळू विचारलं.

"पलंगासाठी नाही गं." भाऊ समोर बघत बोलले. "तिथे केंद्रावर रोज सकाळी गेलो की ती पोरं माइकवरून म्हणायची, जगनकाका आले, टाळ्या! डेपोत तीस वर्षं गाड्या धुतल्या, कोणी नावाने हाक मारली नाही. ए पाणीवाला, एवढंच. मला माहीत होतं ते विकायला बसलेत. पण रोज टाळ्या वाजवायचे. मग त्या दिवशी नाही कसं म्हणू?"

वहिनी म्हणाल्या, "सत्तर हजारांच्या टाळ्या. मला विचारलं असतंत तर घरीच वाजवल्या असत्या."

"तू? तू नळावर हंडा आपटतेस, तेवढाच आवाज."

त्यावर वहिनी एकदम हसल्या. पदराने तोंड झाकून हसल्या. भाऊही हसायला लागले, मग हसता हसता त्यांचे डोळे भरले, आणि त्यांनी खिशातून फोन काढून माझ्याकडे दिला. "घे गं, तूच बघ. मला चष्म्याशिवाय दिसत नाही. दोनदा बघितल्यासारखं केलं नुसतं."

तिसऱ्या ओटीपीला काम झालं.

दुसऱ्या दिवसापासून वहिनींनी दुपारचे दोन तास भाऊंना दिले. शिवाय सकाळच्या बायकांचं सगळं त्यांच्याकडे सोपवलं. बायका आत, भाऊ दाराबाहेर खुर्चीवर. पायरी गेली, खुर्ची आली. तिथूनच ते ओरडायचे, "भीमाबाई आल्या! टाळ्या!" आणि नळावरच्या बायका खरंच टाळ्या वाजवायच्या. कोण कधी येणार, कोण किती वेळ पडली, कोणाचा दुधी लागोपाठ दोनदा आला, हे सगळं ते बघायचे. दुधीवाल्यांना त्यांनी स्पष्ट सांगितलं, पुढच्या वेळी वांगी आणा. ह्या एका कामासाठी वहिनींनी त्यांना मनापासून शाबासकी दिली.

त्या हिवाळ्यात पायाचे पैसेही हजाराने वाढले. वहिनींनी ते वाढीव हजार घरात येऊच दिले नाहीत, परस्पर कर्जात भरायला लावले. साईनाथ महिन्यातून एकदा यायचा, आता वसुलीला नाही, तर आपल्या इतर गिऱ्हाइकांना वहिनींचं उदाहरण सांगायला काही नवीन मिळतंय का बघायला. एकदा म्हणाला, "काकू, माझ्या त्या पापडवाल्या काकांना तुमच्याकडे आणू का, समजवायला?" वहिनी म्हणाल्या, "आण. येताना पापड आणायला सांग."

गेल्या महिन्यात कर्ज संपलं. ठरल्याच्या दोन हप्ते आधी. आम्ही दोघी परत नौपाड्याला गेलो, हेमांगीने कर्ज फिटल्याचं पत्र दिलं आणि म्हणाली, "अभिनंदन मावशी!" वहिनींनी पत्र मला वाचायला दिलं. मी दोनदा वाचलं, कुठे कार्ड-बिर्ड राहिलं नाही ना बघितलं, आणि सांगितलं, सगळं साफ आहे. तेव्हा कुठे त्या खुर्चीवरून उठल्या.

आम्ही जिना उतरून रस्त्यावर येतोय तोच भाऊंचा फोन वाजला. ते घरी होते, पण फोन वहिनींकडे दिलेला, बँकेचा मेसेज आला तर म्हणून. पलीकडे कोणी मुलगी होती. "नमस्कार, जगनजींशी बोलायचंय. तुमचा रेकॉर्ड खूप छान आहे, त्यामुळे तुम्हाला एक लाखापर्यंत कर्ज लगेच मंजूर झालेलं आहे."

वहिनी भर रस्त्यात थांबल्या. आता ही बाई त्या मुलीला काय काय ऐकवणार म्हणून मी कान टवकारले.

"बाळा," वहिनी शांतपणे म्हणाल्या, "तू कुठे बसतेस?"

"अं? मी कॉल सेंटरला."

"दिवसभर बसूनच काम?"

"हो."

"पाठ दुखते का?"

ती मुलगी हळूच म्हणाली, "हो, खूप."

"कोपरला ये. डोंबिवली वेस्ट. स्टेशनवरून कोणालाही विचार, मसाजवाल्या शकूकाकू कुठे राहतात. सकाळी ये, भीमाबाईच्या नंतर." आणि मग फोन ठेवता ठेवता आठवल्यासारखं सांगितलं, "पैसे आणू नकोस. टोमॅटो आण, महाग झालेत."